संख्येचा देह आणि अंकांचा पोशाख

आमच्या घरी एक जुनी किर्द आहे. लाल कापडी बांधणीची, मधोमध दुमडणारी, आणि आता कडेने वाळवीने खाल्लेली. नंदुरबारच्या बाजारातल्या मिरचीच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदी तीत आहेत. अक्षर मोडी वळणाचे, म्हणून सगळे मला लागत नाही. पण एक ओळ लागली. तिच्या शेवटी रक्कम होती ती अशी: ७॥≡. माझ्या शेजारी बसलेल्या महाविद्यालयातल्या मुलाने ती पाहिली आणि विचारले, ‘‘हे पुढचे काय? पुसट झालेत का अंक?’’ अंक पुसट झाले नव्हते. लिहिणाऱ्याने रक्कम पूर्ण लिहिली होती. सात रुपये अकरा आणे, म्हणजे त्या काळच्या बोलण्यात साडेसात रुपये तीन आणे.

आजचे सारे विवेचन या पाच रेघांभोवती फिरणार आहे. विषय गणिताचा आहे, पण कोणी उठून जाण्याचे कारण नाही. बेरीज-वजाबाकी येणाऱ्याला तो पुरता कळेल. शाळेत गणित नकोसे झालेल्या मंडळींना तर कदाचित जास्तच कळेल, कारण त्यांना विसरण्यासारखे कमी आहे.

प्रथम त्या रेघांचा अर्थ पाहू. रुपयाचे सोळा आणे. चार आण्यांची पावली. उभी रेघ म्हणजे पावली: एक उभी रेघ पाव रुपया, दोन अर्धा, तीन पाऊण. चौथी उभी रेघ कधीच येत नाही, कारण चार पावल्या झाल्या की रुपया झाला आणि तो डावीकडे रुपयांच्या घरात गेला. आडवी रेघ म्हणजे आणा. आडव्या रेघाही तीनच. चौथी झाली की तिची उभी रेघ होते. पुढे आण्याचे चार पैसे. त्याच न्यायाने आपण आण्याच्या पुढे पैशांचे आणखी एक घर मानू, त्यातही शून्यापासून तीनपर्यंतच.

आता हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. आपण नेहमी लिहितो त्या पद्धतीत प्रत्येक घरात शून्य ते नऊ असे दहा अंक येतात आणि दहा झाले की एक हातचा डावीकडे जातो. किर्दीतल्या रेघांच्या पद्धतीत प्रत्येक घरात शून्य ते तीन असे चारच अंक येतात आणि चार झाले की हातचा डावीकडे जातो. गणितात पहिल्या पद्धतीचा पाया दहा, दुसरीचा पाया चार असे म्हणतात. आमच्या दुकानदारांना पाया, पद्धत असले शब्द ठाऊक असण्याची गरज नव्हती. रुपयाखालचा सारा हिशेब ते चाराच्या पायात बिनबोभाट करीत होते आणि रुपयांवरचा दहाच्या. एकाच ओळीत दोन पाये! शिवाय त्यांची एक युक्ती आपल्या अंकांतही नाही. उभी रेघ आणि आडवी रेघ यांच्या दिशेवरूनच घर कळते, त्यामुळे मधले घर रिकामे असले तरी शून्य मांडावे लागत नाही.

चारापाशीच हे थांबत नाही. तराजूकडे पाहा. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. शेराच्या सोळा छटाका. आणि प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मे. ही पाच वजने एकेक असली की एकापासून एकतीस छटाकांपर्यंत कोणतेही वजन तोलता येते, आणि प्रत्येक तोलाला वजनांची निवड एकाच प्रकारे होते. प्रत्येक वजन पारड्यात आहे किंवा नाही, एवढेच दोन पर्याय. हा दोनाचा पाया झाला. आजची गणकयंत्रे याच पायावर चालतात असे आपण मोठ्या आश्चर्याने वाचतो. तेलाच्या दुकानात तो पाया रोज वापरात होता.

आणि वीस? मणाची खंडी करायची तर वीस मण. मोजायच्या वस्तूंची कोडी वीसची. आमच्या आजीच्या तोंडी वय कधी पासष्ट नसे, ‘तीन विसा नि पाच’ असे. शाळेत न गेलेल्या माणसाचे ते अडाणी मोजणे, असे आम्ही मुले समजत होतो. ती आमची चूक होती. फ्रेंच भाषेत आजही ऐंशीला ‘चार विसा’ अशाच अर्थाचा शब्द आहे आणि पॅरिसच्या पंडितांना त्यात काही उणे वाटत नाही.

आता किर्दीतल्या रकमेकडे परत येऊ. सात रुपये अकरा आणे म्हणजे एकूण १२३ आणे. ही संख्या दहाच्या पायात लिहिली की १, २, ३. सोळाच्या पायात ७, ११. सात रुपये अकरा आणे ही बोलण्याची रीत म्हणजेच ते लेखन होय. विसाच्या पायात ६, ३. सहा विसा नि तीन. चाराच्या पायात १, ३, २, ३. म्हणजे एक चौसष्ट, तीन सोळा, दोन चार आणि तीन सुटे. चार पोशाख झाले. आतला माणूस एकच.

मग प्रश्न असा: संख्येचे गुण म्हणून जे आपण सांगतो, त्यांतले देहाचे किती आणि पोशाखाचे किती?

१२३ खडे घेतले तर त्यांच्या एक्केचाळीस-एक्केचाळीसच्या तीन ओळी होतात. हा देहाचा गुण. खडे रोमन माणसाने मांडले तरी ओळी तीनच होतील. १२३ मध्ये एक, दोन, तीन हे अंक ओळीने येतात, हा मात्र निव्वळ पोशाखाचा गुण. पाया बदलला की तो गेला. इथपर्यंत कोणाला शंका नाही.

पण यांच्यामध्ये एक तिसरी जात आहे आणि गंमत सारी तीत आहे. गुण देहाचा, पण ओळखण्याची खूण पोशाखावरची. सम-विषम घ्या. संख्येचा शेवटचा अंक सम तर संख्या सम, हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की तो संख्येचाच स्वभाव वाटतो. पाचाच्या पायात सात ही संख्या १, २ अशी लिहितात: एक पाच आणि दोन सुटे. शेवटी दोन आहे, म्हणून सात सम झाले काय? मुळीच नाही. पाचाच्या पायात सम-विषम पाहायचे तर सगळ्या अंकांची बेरीज पाहावी लागते. एक आणि दोन तीन, विषम. खूण बदलली, गुण तोच राहिला.

नवाचा ताळा आपणांपैकी पुष्कळांनी लहानपणी घेतला असेल. अंकांची बेरीज नवाने जाते तर संख्या नवाने जाते. नवाचे हे माहात्म्य ऐकून काही जणांनी त्याभोवती मोठे गूढ उभे केले आहे. पण नऊ तिथे आला तो केवळ दहाहून एकाने कमी आहे म्हणून. प्रत्येक दहामधून एक बाजूला काढला की उरलेले नऊ नवाने जातातच. म्हणून बाजूला काढलेल्यांची, म्हणजे अंकांची, बेरीज पाहिली की काम भागते. पाया सोळा केला की हाच मान पंधराला मिळतो. पंधरा तिनाने आणि पाचाने जातो, म्हणून एक फार सोयीचा ताळा हाती येतो, तो असा: रुपये आणि आणे यांची नुसती बेरीज करा. ती पाचाने जात असेल तर रक्कम पाच जणांत अख्ख्या आण्यांनी वाटता येईल. तिनाने जात असेल तर तिघांत. सात रुपये आठ आणे घ्या. सात आणि आठ पंधरा. म्हणून पाच भावांत दीड-दीड रुपया, किंवा तिघांत अडीच-अडीच रुपये. आमच्या किर्दीतली रक्कम घ्या. सात आणि अकरा अठरा; तिनाने जाते, पाचाने जात नाही. तिघांत प्रत्येकी दोन रुपये नऊ आणे, चोख.

आता आणे गेले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा पैसे होऊ लागले आणि पाव पैसा तर कोणाच्या खिशात नव्हता. म्हणून आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असा तक्ता ठरला. एक आण्याची वस्तू दोन पैसेवाल्यांनी दोनदा घेतली तर बारा, तीनदा घेतली तर अठरा. पण तीन आणे एकदम दिले तर एकोणीस. या एका पैशावरून तेव्हा किती वाद झाले असतील याची कल्पना करावी! त्यांत कोणी लबाड असेलच असे नाही. सोळाचा पोशाख उतरवून शंभराचा चढवताना शिवण जुळत नव्हती, इतकेच. ‘नवा’ हे विशेषण १९६४ मध्ये गेले, पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, आणि ‘सोळा आणे खरे’ एवढा शब्दप्रयोग तेवढा आपल्याकडे राहिला.

दशमान पद्धत आली हे चांगलेच झाले. मी काही आण्यांचा कैवार घेण्यासाठी उभा नाही. पण तिच्यामुळे एक गोष्ट झाली. एकच पोशाख सर्वत्र दिसू लागल्यावर पोशाख आहे हेच आपण विसरलो.

इथे मला एका शाळामास्तरांची गोष्ट सांगितली पाहिजे. ते आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९२७ मध्ये त्यांना गणितातील रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत, सेवानिवृत्त होईतो, ते देवळालीला शाळेत शिकवीत होते. १९८६ मध्ये तिथेच वारले. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. छंद एकच, अंक. मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्थानकावर एका प्रकारच्या संख्या त्यांना सुचल्या त्या स्थानकाचे तेव्हाचे नाव डेमलो. म्हणून त्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या म्हटले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. रोज तिथल्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जी संख्या निःशेष भागली जाते तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. बारा घ्या; एक आणि दोन तीन, तिनाने बारा जातात. पोशाखावर अवलंबून असलेला हा गुण आहे, तेव्हा बाराला इतर पोशाख घालून पाहू. चाराच्या पायात ३, ०; बेरीज तीन, हर्षद. पाचाच्या पायात २, २. बेरीज चार, हर्षद. सातात १, ५. बेरीज सहा, हर्षद. आठात १, ४, बेरीज पाच. पाचाने बारा जात नाहीत, फसले! नवात १, ३, पुन्हा हर्षद. सगळे पाये तपासले तर बारा केवळ आठाच्या पायात फसतात, इतरत्र कुठेही नाही. कोणत्याही पायात न फसणाऱ्या संख्या चारच आहेत: एक, दोन, चार आणि सहा. आता ‘सर्व पायांत हर्षद’ हा गुण पोशाखाचा म्हणायचा की देहाचा? सर्व पोशाख घालून पाहिल्यावर जे उरले, ते देहाचे म्हणावे लागेल.

कापरेकरांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४. ती त्यांना १९४६ मध्ये सापडली, १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला. कृती अशी: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहान करा, वजाबाकी करा. जे येईल त्यावर पुन्हा तेच. आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला ते साल घेऊ, १९९८. ९९८१ उणे १८९९ म्हणजे ८०८२. ८८२० उणे ०२८८ म्हणजे ८५३२. ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. पुढे ७६४१ उणे १४६७ पुन्हा ६१७४, आणि मग कितीही केले तरी तेच. कोणतीही संख्या घेतली तरी सातांहून अधिक वजाबाक्या लागत नाहीत.

देशात अनेक प्राध्यापकांना हे काम पोरखेळ वाटत असे. याला निव्वळ द्वेष म्हणता येणार नाही. त्यामागे एक विचार होता आणि तो विचार मोठ्या माणसाचा होता. रामानुजनांना केंब्रिजला बोलावून घेणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये आपल्या आत्मनिवेदनपर पुस्तकात अशा अंकचमत्कारांचे उदाहरण दिले आहे: आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या दोनच, ८७१२ आणि ९८०१. पहिली २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट. कोडी छापणाऱ्या सदरांना हे ठीक, पण यात गणितज्ञाने रस घ्यावा असे काही नाही, असा त्यांचा अभिप्राय. हार्डींनी कापरेकरांचे नाव घेतलेले नाही. पण अंकांत रमणाऱ्या प्रत्येकाला तो अभिप्राय लागू होत होता.

हार्डींचेच उदाहरण आपण किर्दीतल्या रेघांच्या पायात नेऊन पाहू. १०८९ मध्ये आठ आणि नऊ हे दहाच्या पायातले शेवटचे दोन अंक. चाराच्या पायात शेवटचे दोन अंक दोन आणि तीन. म्हणून १०८९ च्या जागी १, ०, २, ३ लिहू आणि नवाच्या जागी तिनाने गुणू. १, ०, २, ३ म्हणजे चौसष्ट, आठ आणि तीन, पंचाहत्तर. त्याची तिप्पट दोनशे पंचवीस. ती चाराच्या पायात लिहा: तीन चौसष्ट, दोन सोळा, शून्य चार, एक सुटा. ३, २, ०, १. उलटून आले! विसाच्या पायात १, ०, १८, १९ ची एकोणीसपट १९, १८, ०, १ येते. कोणताही पाया घ्या, हे घडते. आणि का घडते तेही दिसते. ९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग. २२५ म्हणजे १५ चा वर्ग. आणि १५ म्हणजे चाराच्या पायात ३, ३, तिथला नव्याण्णवच. ८७१२ ची गोष्ट अशी की दोनाने दहा निःशेष भागले जातात, त्यामुळे १०८९ ची दुप्पटही उलटते. वीस हे दोन, चार आणि पाच यांनी भागले जातात, म्हणून विसाच्या पायात दुप्पट, चौपट आणि पाचपटही उलटतात: ४, ३, १५, १६ ची चौपट बरोबर १६, १५, ३, ४.

तेव्हा हार्डी चुकले का? माझ्या मते निम्मे चुकले. एका पोशाखातली गंमत म्हणून ती गोष्ट खरोखर हलकी आहे. तिच्यावर थांबणारा माणूस कोड्यांच्या सदरातच थांबतो. पण गंमत दिसल्याशिवाय दुसऱ्या पोशाखात ती टिकते का हे विचारणार कोण? विचारल्यावर तिच्यातून नियम निघाला, सिद्धतेसह निघाला.

आता कापरेकरांची कृती रेघांच्या पायात करू. पावली, आणा, पैसा अशी तीन घरे. जुने पैसे, रुपयाला चौसष्ट. रुपयाच्या आतली कोणतीही रक्कम घ्या. तिन्ही घरांतले अंक सारखे मात्र नसावेत. म्हणजे एक पावली, एक आणा, एक पैसा अशी रक्कम नको. ती किती होते पाहा: सव्वापाच आणे! दक्षिणेच्या ताटात हा सव्वापाचाचा आकडा आपण पाहिलेला आहे. तो तिथे का आला हा वेगळा विषय. इथे तो तीन घरांत एक-एक-एक असा उभा आहे एवढेच लक्षात घेऊ.

समजा रक्कम तीन पावल्या, म्हणजे ३, ०, ०. मोठी मांडणी ३, ०, ० म्हणजे अठ्ठेचाळीस पैसे. लहान मांडणी ०, ०, ३ म्हणजे तीन पैसे. वजाबाकी पंचेचाळीस पैसे, सव्वाअकरा आणे. हे रेघांत ॥≡ आणि वर एक पैसा, म्हणजे २, ३, १. मोठी मांडणी ३, २, १ म्हणजे सत्तावन्न. लहान १, २, ३ म्हणजे सत्तावीस. वजाबाकी तीस पैसे, साडेसात आणे. साडेसात आणे म्हणजे ।≡ आणि दोन पैसे: १, ३, २. पुन्हा तेच अंक, पुन्हा सत्तावन्न उणे सत्तावीस, पुन्हा साडेसात आणे.

हे योगायोगाने घडत नाही. मोठ्या मांडणीत सर्वांत मोठा अंक पावलीच्या घरात असतो, लहान मांडणीत पैशाच्या. मधला अंक दोन्हीकडे मध्येच, तो वजाबाकीत उडून जातो. पावली सोळा पैशांची, पैसा एकाचा. म्हणून मोठ्या आणि लहान अंकांत जितका फरक, तितक्या पंधरा पैशांच्या पटी उरतात. फरक एक, दोन किंवा तीनच असू शकतो. म्हणून वजाबाकी पंधरा, तीस किंवा पंचेचाळीस पैसे, याखेरीज काही नाही. पंधरा पैसे म्हणजे ०, ३, ३. त्यात फरक तीन, म्हणून पुढे पंचेचाळीस. पंचेचाळिसात फरक दोन, म्हणून पुढे तीस. तिसात फरक दोन, म्हणून तीस. सिद्धता संपली. कापरेकरांच्या शोधाची ही पूर्ण सिद्धता आपण आत्ता पावली-आण्यांत केली.

दहाच्या पायात तीन अंकांसाठी हेच केले तर ४९५ येते. सोळाच्या पायात ७, १५, ८. आता तिघांना शेजारी ठेवा: १, ३, २, ४, ९, ५, ७, १५, ८. मधला अंक त्या पायातला शेवटचा. तिसरा पायाच्या निम्मा. पहिला निम्म्याहून एकाने कमी. पाया सम असला की हे नेहमी घडते. ४९५ एकटे पाहिले असते तर त्यात काय दिसले असते? तीन अंक, बस्स.

चार अंकांचा मामला अवघड आहे. पाचाच्या पायात, म्हणजे एका हाताच्या बोटांवर, सगळ्या चार अंकी संख्या ३, ०, ३, २ पाशी येऊन थांबतात. आपल्या नेहमीच्या लेखनात ती संख्या ३९२. मी सगळे प्रकार हाताने तपासले, चारांहून अधिक वजाबाक्या कुठेच लागत नाहीत. दहाच्या पायात ६, १, ७, ४. यातही नाते दिसते का पाहा. तीनाची दुप्पट सहा आणि दोनाची दुप्पट चार. मधल्या दोन अंकांत एकेक मिळवून दुप्पट केली आणि मग एक वजा केला की शून्याचा एक आणि तिनाचा सात. मग वीस हा तर पाचाचा चौपट. तिथेही असेच काही असणार? आहे: १२, ३, १५, ८. करून पाहा, वजाबाकी स्वतःवरच येते.

इथे मला आजीची आठवण होऊन आनंद झाला होता की विसांच्या पायातही सगळ्या संख्या एका घरी जातात. तो आनंद टिकला नाही. विसाच्या पायात १२, ७, ११, ८ ही संख्या घेतली तर पुढे ५, २, १६, १५ येते; मग १४, ९, ९, ६; मग ७, १९, १९, १२; मग १२, ६, १२, ८; मग ६, ३, १५, १४; आणि पुन्हा १२, ७, ११, ८. सहा संख्यांचा फेरा. त्यात सापडलेली संख्या जन्मभर फिरत राहते, घरी जात नाही. सर्व संख्यांना एकाच घरी नेणारे पाये कोणते, हे हेल्मुट हासे आणि प्रिचेट या दोघांनी १९७८ मध्ये सिद्ध केले: पाच, दहा, चाळीस, एकशे साठ आणि पुढे दर वेळी चौपट करीत जावे, वीस, ऐंशी हे मधले नाहीत. हासे हे जर्मनीतले संख्यासिद्धान्ताचे अव्वल नाव. ज्या नियतकालिकात हा लेख आला ते १८२६ पासून चालत आलेले, गणितात ज्याच्यापुढे मान लवते असे. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांविषयी लिहिले तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते, हासे-प्रिचेट यांचा लेख आला तेव्हा त्र्याहत्तर. देवळालीच्या मास्तरांनी विचारलेला प्रश्न तोवर कोड्यांच्या सदरातून निघून तिथे पोचला होता.

ज्यांना घरी जाऊन करायचे असेल त्यांच्यासाठी एक काम ठेवतो. रेघांच्या पायात तीन घरांऐवजी चार घरे घ्या, म्हणजे रुपयाचे एक घर वाढवा, रुपये तीनपर्यंतच. पाया चार पाचाच्या पटीत नाही, म्हणून सगळ्यांना एकत्र नेणारे घर मिळणार नाही. पण मग रकमा जातात कुठे? एका घरी, दोन घरी, की फेऱ्यात? सुरुवातीला सव्वा रुपया घ्या: १, १, ०, ०. कागद अर्धा पुरेल.